मागे घेणारे तुम्ही कोण?

आमच्या घरमालकांच्या घरात भांडायला पूर्ण परवानगी होती. केलेलं भांडण मागे घ्यायला मात्र सक्त मनाई होती.

हे मला तिथल्या पहिल्याच थंडीत कळलं. मिशिगनमधलं एक युनिव्हर्सिटीचं गाव, ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं, आणि मी सोलापूरहून आलेली, थंडी म्हणजे फार तर एक स्वेटर अशी समजूत असलेली मुलगी. घरात माझ्याशिवाय दोन भाडेकरू मुलं होती. त्यातला मुंबईकर आंघोळीला शिरला की टाकीतलं गरम पाणी संपल्याशिवाय बाहेर येत नसे. एक दिवस मी तणतणत जाऊन घरमालकांकडे तक्रार केली. संध्याकाळपर्यंत त्याने सॉरी म्हटलं, वर माझी लॉन्ड्रीची पिशवी बर्फातून उचलून आणून दिली. आमचं मिटलं. जेवताना मी म्हटलं, "काका, ते गरम पाण्याचं जाऊ द्या आता."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"जाऊ द्या म्हणजे?"

"म्हणजे मी तक्रार मागे घेते."

"तू मागे घेणारी कोण? तक्रार तू केली, कबूल. पण गरम पाणी काय तुझ्या एकटीचं आहे? या घरात आम्ही सगळेच आंघोळ करून राहिलो ना बाप्पा? आता निकाल लागेल!"

जेवणानंतर त्यांनी काळा कोट चढवला, टेबलाच्या टोकाला बसले आणि रीतसर सुनावणी घेतली. मुंबईकराची उलटतपासणी झाली. मग माझी झाली, आणि तीत केस धुवायच्या दिवशी मी त्याच्यापेक्षा जास्त पाणी वापरते हे उघडकीला आलं. निकाल दोघांच्याही विरुद्ध गेला. काकू ओट्याशी भांडी विसळत खुदुखुदु हसत होत्या.

काकांचं नाव मी इथे सांगत नाही. ते असते तर "पक्षकाराच्या नावाशिवाय कैफियत दाखल कशी केलीस?" म्हणून माझ्यावर डाफरले असते. नागपूरच्या हायकोर्टात त्यांनी उभी हयात वकिली केलेली. मुलाने हट्टाने आईवडिलांना अमेरिकेत बोलावलं, ग्रीन कार्ड करून दिलं, गावात घर घेतलं आणि लगेच कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला नोकरी मिळाली म्हणून बायकोमुलांसह तिकडे निघून गेला. काकांनी तिकडे जायला साफ नकार दिला. का, तर त्यांना इथलं कोर्ट आवडलं होतं.

खरंच! माणसं सकाळी देवळात जातात, काका कोर्टात जायचे. कुणाचाही खटला असो, मागच्या बाकावर जाऊन बसायचे. आत शिरताना आणि बाहेर पडताना आपल्याकडच्या वकिलांसारखे कमरेत वाकून न्यायाधीशांना नमस्कार करायचे. पहिल्यांदा तिथल्या शिपायाला वाटलं की म्हाताऱ्याचं काहीतरी खाली पडलंय. तो शोधायला धावला. पुढे पुढे न्यायाधीशसुद्धा काका उठले की किंचित मान लववायचे. घरी आल्यावर काका आम्हाला सगळा खटला ऐकवायचे आणि शेवटी हमखास म्हणायचे, "हुशार आहेत लेकाचे, पण उलटतपासणीत दम नाही."

उरलेला दिवस लॉ स्कूलच्या लायब्ररीत जायचा. तिथे तळघरात भारतातल्या निकालांचे अंक यायचे, बोटीने, कित्येक महिने शिळे. काका ते माहेरची चिठ्ठी आल्यासारखे वाचायचे. आपल्याकडे तेव्हा जनहिताच्या याचिकांची मोठी लाट आली होती. कुणीतरी कैद्यांसाठी, कुणीतरी नदीसाठी कोर्टात जात होतं. "आणि मी इथे बर्फ उकरून राहिलो!" असं म्हणत काका फावडं आपटायचे. इथे वकिली करायचा परवाना त्यांना नव्हता, आणि ते दुःख त्यांना रोज नव्याने व्हायचं.

काकूंचं अगदी उलट. नागपुरात त्या कधी एकट्या बाजारात गेल्या नव्हत्या. गाडी, ड्रायव्हर, नाहीतर काकांचा कारकून, कुणीतरी सोबत असायचंच. इथे आल्यावर पहिलं वर्ष त्यांनी खिडकीत बसून काढलं. मग शेजारच्या एका बाईने त्यांना हॉस्पिटलच्या शिवणखोलीत काम आहे असं सांगितलं. फाटलेल्या चादरी, गाऊन, पडदे शिवायचे. काकूंचा हात सुरेख होता. त्या रुजू झाल्या, आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांना पहिल्यांदा स्वतःची नोकरी मिळाली.

हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. ड्रायव्हिंग काकूंना येत नव्हतं, काकांना येत होतं पण त्यांच्या शेजारी बसायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा काकू बसने जायच्या. आमच्या कोपऱ्यावरून एकच बस जायची. साडीवर जाडा कोट, पायात बूट, डोक्याला लोकरीची टोपी, अशा थाटात काकू सकाळी निघायच्या. ड्रायव्हर त्यांना "मॉर्निंग, ममा!" म्हणायचा. त्याच बसने एक कोरियन बाई लहान मुलाला घेऊन दवाखान्यात जायची, काही म्हातारे जायचे, रात्रपाळीहून परतणाऱ्या नर्स यायच्या. काकू घरी येऊन सगळ्यांच्या हकिगती सांगायच्या. त्यांचं स्वतःचं असं गाव त्या बसमध्ये वसलं होतं.

आणि एक दिवस थांब्यावर नोटीस लागली. बस बंद होणार.

बसमंडळाचाच नियम होता की बस बंद करण्याआधी प्रवाशांचं म्हणणं ऐकायचं. तसं कुणी काही ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी खूप आरडाओरडा केला आणि मग आमच्याच वस्तीत राहणारे एक मराठी प्रोफेसर पुढे झाले. मूळचे पुण्याचे, अतिशय सज्जन, मृदू बोलणारे. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ते इतक्यांदा नापास झाले होते की त्यांनी तो नाद सोडला होता. लॉ स्कूलच्या मोफत सल्ला केंद्रातली लिंडा नावाची तरुण वकीलबाई त्यांना मिळाली. प्रोफेसरांनी स्वतःच्या आणि सगळ्या प्रवाशांच्या वतीने दावा लावला. कोर्टाने निकाल लागेपर्यंत बस चालू ठेवायला सांगितली. काका त्या दिवशी इतके खूश झाले की त्यांनी आम्हा भाडेकरूंना स्वतः भजी तळून घातली. ती कच्ची होती, पण आम्ही खाल्ली.

मग काय झालं? जे फक्त आपल्या माणसाच्या हातून होऊ शकतं तेच झालं.

बसमंडळाच्या चेअरमनबाई प्रोफेसरांच्या घरी आल्या. बाई काही वाईट नव्हत्या, पण बोलायला साखर. प्रोफेसरांच्या बायकोने चहा केला, पोहे केले. बाईंनी पोह्यांची तारीफ केली, मुलांची चौकशी केली आणि निघताना म्हणाल्या, "शेजाऱ्यांमध्ये कोर्टकचेऱ्या कशाला, प्रोफेसर? तुम्ही दावा मागे घ्या, आम्ही बसचा विचार करू." प्रोफेसर हो म्हणाले! दुसऱ्या दिवशी त्यांनी लिंडाला तसं सांगितलं. बिचारी काय करणार, अशील सांगेल ते वकिलाला करावंच लागतं. दावा मागे घेतला गेला, कोर्टाने फाइल बंद केली, आणि पुढच्याच आठवड्यात बसही बंद झाली.

ही बातमी घेऊन प्रोफेसर स्वतःच काकांकडे आले. काकांचा चेहरा बघून मी चहाचा कप खाली ठेवला.

"काय केलं तुम्ही हे?"

"अहो, काय करणार? बाई घरी आल्या होत्या," प्रोफेसर हात चोळत म्हणाले. "घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? भीड पडते हो."

"भीड? बाप्पा, बाप्पा, बाप्पा! तुम्हाला मिळालं काय त्याबद्दल?"

"मिळायचं काय त्यात? पोहे तर आम्हीच दिले."

मला हसू आवरेना. काकांना मात्र हसू येत नव्हतं. "दावा म्हणजे काय तुमची छत्री आहे का प्रोफेसर, वाटली तेव्हा उघडली, वाटली तेव्हा मिटली? तिच्याखाली सगळे प्रवासी उभे होते! मागे घेणारे तुम्ही कोण?"

प्रोफेसर रडवेले झाले. काकू तेवढ्यात म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या. ओरडू नका त्यांच्यावर." आणि आत निघून गेल्या.

बस बंद झाल्यावर काकूंना आम्ही पाळीपाळीने सोडायला लागलो. कधी मुंबईकराच्या खटारा गाडीतून, कधी माझ्या मैत्रिणीच्या. कुणाची परीक्षा असली की उशीर व्हायचा. शिवणखोलीच्या बाईने काकूंना नीट शब्दांत सांगितलं की असं चालू राहिलं तर त्यांच्या जागी दुसरी बघावी लागेल. एका दुपारी मी लवकर घरी आले तर त्या कोट घालून, बूट चढवून खिडकीत बसलेल्या. सकाळी कुणाचीच गाडी मोकळी नव्हती. सकाळपासून तशाच बसल्या होत्या.

"काकू, फोन करायचा ना मला!"

"किती जणांना फोन करायचा, पोरी?" त्या म्हणाल्या. "नोकरी गेली तर गेली. पण मला पुन्हा या खिडकीत नाही गं बसायचं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दारात उभ्या असलेल्या काकांनी पाहिलं. काका फिरले, कोट घातलेलाच होता, तसेच लॉ स्कूलच्या दिशेने चालू लागले. मी मागोमाग धावले.

लिंडा सँडविच खात होती. काकांनी नमस्कार वगैरे काही केला नाही. त्यांनी थेट विचारलं, जनहितासाठी लावलेला दावा मागे घेतला गेला तर त्यावर अपील होतं का?

"नाही," लिंडा म्हणाली. "ज्याने स्वतःच मागे घेतला, तो कशाच्या विरोधात अपील करणार? कोर्टाने त्याला नाकारलंच काय?"

"मागे घेणाऱ्याला अपील नाही, मान्य. शंभर टक्के मान्य! पण ज्यांच्या नावाने तो उभा राहिला, त्यांना कुणी विचारलं? त्यांनी कुठे मागे घेतला?"

लिंडाचं सँडविच हातातच राहिलं. काकांनी तळघरात जाऊन बोटीने आलेला एक अंक आणला आणि तिच्यासमोर उघडला. त्यात आपल्याकडच्या न्यायाधीशांनी लिहिलं होतं की लोकांसाठी आणलेली याचिका आणणाऱ्याच्या मालकीची नसते, ती त्याने मनात येईल तेव्हा उचलून न्यायची नाही. लिंडा हसली. "काका, दिल्लीत काय म्हणाले याची मिशिगनला पर्वा नाही." तीही त्यांना काकाच म्हणायची. काका म्हणाले, "मग तुमचं जे काही असेल ते शोध. प्रश्न तोच आहे." आणि तिने शोधलं. इथेसुद्धा, ज्यांच्या वतीने दावा लावला त्यांना नंतर आत येऊन अपील करू दिल्याचे निकाल होते.

आता दाव्यात शिरणार कोण? काकांना स्वतःला शिरायची केवढी घाई! पण लिंडाने खोदून विचारलं तेव्हा कळलं की काका त्या बसने कधीच जात नसत. कोर्टात ते पायी जायचे. ज्याचं नुकसान झालं तोच माणूस लागणार होता. सगळ्यांचे डोळे काकूंकडे वळले.

"मी?" काकू म्हणाल्या. "कोर्टात? अगं बाई!" मग थोडा वेळ त्या पदराचं टोक नीट करत बसल्या. आणि म्हणाल्या, "सही कुठे करायची?"

खालच्या कोर्टाने नेमकं तेच म्हटलं ज्याची लिंडाला भीती होती. दावा संपलाय, संपलेल्या दाव्यात कुणी शिरू शकत नाही. हे म्हणणारे न्यायाधीश म्हणजे काकांना मान लववणारेच! काकांनी त्या दिवशीही वाकून नमस्कार केला, बाहेर आले आणि म्हणाले, "चुकून राहिले बिचारे. चला वर." लिंडाने राजधानीतल्या वरच्या कोर्टात अपील केलं.

अपिलाची तारीख लागायच्या आधी एका शनिवारी आमच्या दारात गाडी थांबली. चेअरमनबाई! हातात फुलांचा गुच्छ. काका ताडकन उठले.

"तुम्ही आत जा," काकू म्हणाल्या.

"अगं, पण..."

"माझ्याकडे आल्यात त्या. दावा माझा आहे. आत जा, आणि बाहेर येऊ नका."

इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी काकांना असं कधी सांगितलं नसावं. काका मुकाट्याने बेडरूममध्ये गेले, पण दाराला कान लावून उभे राहिले हे खालच्या फटीतून दिसणाऱ्या चपलांवरून आम्हाला कळत होतं. काकूंनी बाईंना बसवलं. चहा केला, आलं घालून. चकल्या काढल्या, चिवडा काढला, बेसनाचे लाडू काढले. पाहुणचारात काडीची कसर ठेवली नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता भीड पडणार.

बाईंनी लाडवाची तारीफ केली. मग म्हणाल्या की म्हाताऱ्या लोकांसाठी मंडळाची एक व्हॅन आहे, ती रोज काकूंच्या अगदी दारात येईल, थांब्यापर्यंत चालायलाही नको. फक्त हे अपील सोडून द्यावं.

"फॉर मी?" काकूंनी विचारलं.

"खास तुमच्यासाठी."

"कोरियन लेडी? बेबी? नर्सेस?"

बाई हसल्या. म्हणाल्या की सगळ्यांसाठी कसं जमेल?

काकूंनी बशी पुढे केली. "प्लीज, वन मोअर लाडू. यू आर गेस्ट." बाईंनी घेतला. तो त्यांच्या तोंडात असतानाच काकू शांतपणे म्हणाल्या, "माय हाउस, यू गेस्ट. कोर्ट, यू अदर पार्टी. केस नॉट गोइंग बॅक."

बाई लाडू गिळून काहीतरी बोलणार होत्या, पण काकू डब्यात चकल्या भरायला उठल्या होत्या. "फॉर युवर चिल्ड्रन." चेअरमनबाई हातात चकल्यांचा डबा घेऊन आमच्या पायऱ्या उतरल्या. मी तर दार लावून तिथेच टाळ्या पिटल्या. काय बाई होती आमची काकू!

काका बाहेर आले. म्हणाले, "मी चाळीस वर्षं वकिली केली. असा युक्तिवाद ऐकला नाही." काकू म्हणाल्या, "लाडू संपले. उद्या बेसन आणा."

वरच्या कोर्टात आम्ही दोन गाड्या भरून गेलो. कोरियन बाई बाळासकट आली होती. तीन न्यायाधीश. मधले वयस्कर, त्यांनी चष्म्यावरून लिंडाला विचारलं, "वकीलबाई, ज्याने दावा लावला तो निघून गेला. मग उरलं काय?"

लिंडा म्हणाली, "युवर ऑनर, तो एकटा निघून गेला. ज्यांच्या नावाने तो आला होता, ती माणसं अजून थांब्यावर उभी आहेत. त्यांना कुणीच विचारलं नाही. ती आज इथे मागे बसली आहेत." काका माझ्या शेजारी ओठांतल्या ओठांत तेच वाक्य मराठीत म्हणत होते, मुठी आवळून. शिपायाने त्यांना एकदा दटावलं. काकू मात्र ताठ बसल्या होत्या, कांजीवरम नेसून, हातात पर्स.

निकाल यायला बर्फ वितळावा लागला. तोवर आम्ही पाळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावून काकूंना रोज वेळेवर सोडलं, म्हणून त्यांची नोकरी टिकली. एका दुपारी लिंडाचा फोन आला आणि काकांनी तो घेतला. "बोला." मग त्यांनी रिसीव्हर टेबलावर तसाच टाकला आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "अगं ए! जिंकलीस तू! अगं, जिंकलीस!"

संध्याकाळी लिंडा निकालाचे कागद घेऊन आली. काकांनी कोट चढवला आणि आम्हा सगळ्यांना उभं करून तो खणखणीत आवाजात वाचला, एकेक वाक्य मराठीत करून. दावा मागे घेणाऱ्याला अपील नाही, पण मागे राहिलेल्यांना आहे. त्यांना न विचारता फाइल बंद करणं चूक होतं. दावा पुन्हा सुरू करावा, तोवर बस चालू ठेवावी. मुंबईकराने शिट्टी मारली. प्रोफेसर पेढे घेऊन आले होते, ते काकूंच्या पाया पडायलाच निघाले, काकूंनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. पुढे मंडळाने खटला लढवलाच नाही. त्यांनी प्रवाशांचं म्हणणं ऐकायला जाहीर सभा घेतली, सभागृह खच्चून भरलं, पहिलं भाषण प्रोफेसरांनी ठोकलं, आणि तेही कुणाची भीड न ठेवता. बस कायमची राहिली.

पण मला आठवते ती त्या निकालानंतरची सोमवारची सकाळ. कोपऱ्यावरची बस पुन्हा सुरू होणार होती. थांब्यावर आम्ही सगळे जमलो होतो. काका काळ्या कोटात, टाय बांधून, दाढी घोटून आले होते. बस आली. दार उघडलं. "मॉर्निंग, ममा! व्हेअर यू बीन?" ड्रायव्हर ओरडला. काकू पायऱ्या चढल्या. त्यांच्यामागून काकांनीही पायरीवर पाय ठेवला.

काकू वळल्या. "तुम्ही कुठे?"

"सोबत येतो ना. आजचा दिवस."

"कशाला? मी कामाला चाललेय."

काकांनी पाय खाली घेतला. दार बंद झालं. काकू आत कोरियन बाईच्या शेजारी जाऊन बसल्या, बाळाला मांडीवर घेतलं, आणि तिच्याशी लगेच काहीतरी बोलायलाही लागल्या. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी काका टाचा उंचावून बघत होते.

मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. सगळा चेहरा हसत होता.

"पाहिलं?" ते म्हणाले. "अगं, वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने माझ्याकडे!"